निफ्टी फ्युचरमध्ये इंट्राडे सिग्नल कसा वापरायचा : गावात राहून शिकणाऱ्यांसाठी

गेल्या तीन-चार हंगामांत आमच्याकडे, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात, पानठेल्यावरचं बोलणं बदललं. "सोयाबीनचा भाव काय फुटला?" याच्या जोडीला "निफ्टी कितीवर आहे?" हेही आता ऐकू येतं. कापसाचा चुकारा खात्यात पडलेला असतो, डिमॅट मोबाईलवर उघडलेलं असतं, आणि कोणीतरी टेलिग्रामवरचा हिरवा बाण दाखवून सांगतो, "आज घे, दुपारपर्यंत सुटतं." ज्यांच्यासमोर असा बाण धरला जातो त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. माझी घरची कोरडवाहू शेती आहे आणि काही वर्षांपासून मी निफ्टीचं फ्युचर करतो. फ्युचर म्हणजे वायदा, आणि इंट्राडे म्हणजे घेतलेला सौदा त्याच दिवशी संपवणं. सुरुवातीचा सगळा काळ मी चांगला सिग्नल, म्हणजे कधी घ्यायचं-विकायचं ते सांगणारा चार्टवरचा इशारा, शोधण्यात घालवला. सिग्नल चुकला तर कुठे बाहेर पडायचं आणि त्यात किती जाईल, हे सौद्याआधी कागदावर लिहायला लागलो तेव्हा कुठे खातं सावरलं. म्हणून इथेही आधी पैसा, मग चार्ट आणि मग ऑर्डर, असाच क्रम ठेवतो.

पैसा कोणता लावायचा

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा (२०२१-२२ ते २०२३-२४) हिशोब मांडला. फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला होता. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर कमावणारे जेमतेम एक टक्का निघाले. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. या लोकांपैकी ७२ टक्क्यांहून जास्त देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे आपल्यासारखेच. पुढच्या वर्षीही ९१ टक्के तोट्यातच राहिले.

म्हणून पीक कर्जाचा पैसा यात लावू नका. बियाण्याचा, खताचा, मुलीच्या फीचाही नाही. सोनं गहाण ठेवून तर मुळीच नाही. बुडाला तरी येत्या मृगाची पेरणी थांबणार नाही, एवढाच पैसा यात येऊ द्या. तेवढा बाजूला निघत नसेल तर खाली सांगितलेलं सगळं कागदावर करता येतं, आणि शिकायला तेवढं पुरतं.

नेमकं काय घेताय

वायदा आपल्याला नवा नाही. सोयाबीनचे वायदे चालू होते आणि डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने ते थांबवले, हे कास्तकाराला माहीत आहे. निफ्टी फ्युचरही वायदाच. फरक एवढा की इथे माल कधीच उचलायचा नसतो, भावातला फरक रोखीने चुकता होतो. निफ्टी म्हणजे एनएसईवरच्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. फ्युचर लॉटमध्येच, म्हणजे ठरलेल्या नगांच्या गठ्ठ्यातच, घ्यावं लागतं. २०२४ मध्ये लॉट २५ चा होता, मग ७५ चा झाला, आणि डिसेंबर २०२५ च्या एक्सपायरीनंतर (वायद्याची मुदत संपते तो दिवस) ६५ चा. निफ्टी २५,००० वर असेल तर एक लॉट २५,००० × ६५ म्हणजे १६ लाख २५ हजारांचा सौदा. निफ्टी एक पॉइंट हलला की तुमचे ६५ रुपये हलतात.

एवढा पैसा कोणाकडे नसतो, म्हणून मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम, भरायचं. ते साधारण दोन लाखांच्या आसपास जातं आणि रोज बदलतं. सौदा टाकण्याआधी ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरवर नेमका आकडा बघा. पुष्कळजण मार्जिनला इसार समजतात, आणि इथेच घोळ होतो. जमिनीच्या व्यवहारात माघार घेतली तर इसार जातो आणि विषय संपतो. फ्युचरमध्ये मार्जिन संपल्यावरही तोटा चालूच राहतो आणि तो तुमच्याकडून वसूल होतो. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा. निफ्टी एका दिवसात १,३७९ पॉइंट खाली बंद झाला. आजच्या लॉटने धरलं तर एका लॉटला ८९,६३५ रुपये. दोन एकरांतला कापूस एवढे सोडत नाही.

फ्युचरची एक्सपायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. नवशिक्याने चालू महिन्याचंच फ्युचर बघावं आणि एक्सपायरीच्या दिवशी हात लावू नये. त्या दिवशी शेवटचा भाव बाजारातल्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर ठरतो, आणि त्या अर्ध्या तासात चार्ट काहीही दाखवतो.

खातं सेबीकडे नोंद असलेल्या ब्रोकरकडेच उघडा. फ्युचरसाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात, सहसा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट चालतं. तालुक्याच्या गावांत "डब्बा" चालतो, तिथे मार्जिन कमी लागतं आणि हिशोब वहीवर होतो. तो सौदा एक्स्चेंजवर जातच नाही. डब्बा बेकायदेशीर आहे, आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

चार्ट मांडणे

मोबाईलवर निफ्टीच्या चालू महिन्याच्या फ्युचरचा पाच मिनिटांचा चार्ट उघडा. त्यातली एक कॅण्डल म्हणजे त्या पाच मिनिटांतला उघडलेला, वरचा, खालचा आणि बंद भाव. फ्युचरचाच, साध्या निर्देशांकाचा नको. निर्देशांक ही नुसती मोजलेली संख्या आहे, तिची खरेदी-विक्री होत नाही, म्हणून तिला स्वतःचा व्हॉल्यूम, म्हणजे किती माल हातोहात गेला तो आकडा, नसतो. आणि मला जी रेषा सगळ्यात कामाची वाटते ती व्हॉल्यूमवरच उभी आहे.

ती रेषा म्हणजे व्हीवॅप, किती माल कोणत्या भावाला गेला ते धरून काढलेली आजची सरासरी. बाजार समितीतल्या उदाहरणाने ती पटकन समजते. समजा सकाळी १०० क्विंटल सोयाबीन ४,२०० ला गेलं आणि नंतर १० क्विंटल ४,५०० ला. "आजचा भाव काय?" विचारलं तर कोणी ४,३५० सांगेल, दोन भावांची बेरीज भागिले दोन. पण अडत्याला विचारा. तो एकूण रुपयांना एकूण क्विंटलांनी भागेल : ४,६५,००० भागिले ११०, म्हणजे ४,२२७. जास्त माल जिथे गेला तिकडे सरासरी झुकते. व्हीवॅप हाच हिशोब दर क्षणी करतो आणि रोज सकाळी नव्याने सुरू होतो. भाव व्हीवॅपच्या वर असेल तर आज घेणारे सरासरीने फायद्यात आहेत, घसरण आली की ते माल धरून ठेवतात. खाली असेल तर तेच लोक अडकलेले असतात, आणि भाव थोडा वर आला की विकून मोकळे होतात.

व्हीवॅपसोबत फक्त २० चा ईएमए लावा, म्हणजे साधारण मागच्या २० कॅण्डलच्या भावांची, ताज्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी. आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड हे बाकीचे इंडिकेटर सध्या राहू द्या. हे सगळे त्याच भावातून काढलेले असतात. चार इंडिकेटर एकाच वेळी "बाय" म्हणाले तर चार साक्षीदार मिळाले असं वाटतं, पण साक्षीदार एकच असतो. आरएसआय ७० वर गेला म्हणून विकायचं, हा सल्ला तर तेजीच्या दिवशी दिवसभर मार खाऊ घालतो.

आता तीन आडव्या रेषा ओढा : कालचा उच्चांक, कालचा नीचांक, कालचा बंद भाव. हे काम रात्री जेवण झाल्यावर करून ठेवा, सकाळी धावपळ होत नाही. सकाळी गिफ्ट निफ्टी (गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा वायदा, तो आपल्या बाजाराआधीच सुरू असतो) बघितला की बाजार वर उघडेल की खाली याचा अंदाज येतो. त्याच वेळी इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे निफ्टी किती हलेल याचा वार्षिक टक्क्यांतला अंदाज, बघा आणि तो एका दिवसावर आणायला १६ ने भागा. व्हीआयएक्स १४ असेल तर ०.८८ टक्के, म्हणजे २५,००० वर साधारण २२० पॉइंट. आज निफ्टी एवढा हलू शकतो, असा बाजाराचाच अंदाज आहे. सकाळीच २०० पॉइंट चालून झाले असतील तर त्याच दिशेला नवा सौदा घेताना दहादा विचार करा.

सिग्नल

एकच पद्धत सांगतो आणि सविस्तर सांगतो. वर जाण्याची सांगतोय, खाली जाण्याची तीच उलटी करून बघा.

बाजार ९:१५ ला उघडतो. ९:४५ पर्यंत काहीही करू नका. पाच मिनिटांच्या सहा कॅण्डल होतील. त्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा भाव वहीत लिहा. ही आजची पहिली पट्टी. रात्रीच्या बातम्यांवर साठलेल्या ऑर्डरी याच अर्ध्या तासात निघून जातात, म्हणून इथली उडी फसवी असते.

९:४५ नंतर एखादी कॅण्डल पट्टीच्या वर बंद होते का बघा. नुसती सुई वर गेली तर ती धरायची नाही, पाच मिनिटं पूर्ण होऊन बंद भाव वर हवा. त्या वेळी भाव व्हीवॅपच्याही वर हवा. हा झाला इशारा. पण घेऊ अजून नका. भाव पट्टीच्या वरच्या कडेकडे किंवा व्हीवॅपकडे परत येतो का, आणि येऊन टिकतो का, ते बघा. बरेचदा येतो. न आला तर सौदा सोडून द्या. मागे पळत घेतलेल्या सौद्याचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला बाहेर पडायचा भाव, फार लांब राहतो.

आकड्यांत बघू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. पहिली पट्टी २५,०१२ ते २५,०८४. दहा वाजून पाच मिनिटांची कॅण्डल २५,०९६ ला बंद झाली, व्हीवॅप २५,०६०. भाव २५,१०८ पर्यंत गेला, मग २५,०७९ पर्यंत परत आला, आणि तिथल्या कॅण्डलने २५,०९२ ला बंद दिला. तोवर व्हीवॅप सरकून २५,०६४ झाला. या कॅण्डलचा उच्चांक २५,०९४ आहे, तो तुटला की २५,०९५ ला घ्यायचं. स्टॉपलॉस व्हीवॅपच्या थोडा खाली, २५,०६१ ला. का? कारण भाव तिथे गेला तर "आज घेणारे फायद्यात आहेत" हे माझं म्हणणंच खोटं ठरतं. मग त्या सौद्यात बसून राहायला कारण उरत नाही.

अंतर ३४ पॉइंट. ३४ × ६५ म्हणजे २,२१० रुपये. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. म्हणजे या सौद्याला खात्यात २ लाख २१ हजार तरी हवेत. तेवढे नसतील किंवा अंतर ६० पॉइंटचं निघालं, तर सिग्नल कितीही सुंदर असो, तो तुमच्यासाठी नाही. स्टॉपलॉस जवळ ओढून गणित जुळवू नका. व्हीवॅपच्या वरच स्टॉपलॉस ठेवला तर बाजाराच्या नेहमीच्या हेलकाव्यात तो कापला जातो आणि मग निफ्टी आरामात वर जातो.

बाहेर कसं पडायचं? पुस्तकं म्हणतात, अर्धा माल टार्गेटला विका आणि अर्धा चालू द्या. एका लॉटचे दोन भाग होत नाहीत, त्यामुळे आपल्याला ते जमत नाही. मी दोनपैकी जे आधी होईल ते धरतो : जोखमीच्या दुप्पट, इथे ६८ पॉइंट, किंवा २० ईएमएच्या खाली कॅण्डल बंद होणे. पाऊणे तीनला काहीही असो, बाहेर. आपल्या उदाहरणात भाव २५,१४१ पर्यंत गेला आणि वळला, आणि ईएमएच्या खाली २५,११८ ला बंद झाला. २३ पॉइंट मिळाले, १,४९५ रुपये.

आता यातून खर्च काढा, कारण हे कोणी दाखवत नाही. विक्रीच्या रकमेवर एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, लागतो. १ ऑक्टोबर २०२४ ला तो ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ झाला, आणि बजेटमध्ये तो हलत असतो, म्हणून चालू दर कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या सौद्याच्या बिलावर, बघा. ०.०२ टक्के धरला तर या सौद्याला सुमारे ३२७ रुपये, ०.०५ धरला तर ८१६. ब्रोकरेज ऑर्डरमागे २० रुपये धरून एक्स्चेंजची फी, जीएसटी, स्टॅम्प मिळून आणखी दीडशेच्या आसपास. म्हणजे १,४९५ पैकी हातात हजाराच्या आसपास किंवा पाचशेच्या आसपास, दर कोणता त्यावर. खर्च पॉइंटमध्ये धरला तर दर सौद्याला ७ ते १५.

ऑर्डर टाकताना

घेण्याची ऑर्डर झाली की त्याच मिनिटाला स्टॉपलॉसची ऑर्डर टाका. "मनात ठेवलाय" म्हणणारा स्टॉपलॉस आमच्याकडे चालतच नाही. जूनमध्ये वादळ आलं की वीज जाते आणि थोड्या वेळाने टॉवरही बसतो. टाकलेली ऑर्डर मात्र एक्स्चेंजकडे पोचलेली असते. तुमचा फोन बंद पडला तरी ती काम करते. तरीही दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा, आणि ब्रोकरचा फोनवर सौदा घेणारा नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नंबर मोबाईल बंद पडल्यावर कामाचा नाही.

स्टॉपलॉसच्या ऑर्डरमध्ये दोन भाव असतात, ट्रिगर (इथे भाव आला की ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (याच्या खाली विकत नाही). ट्रिगर २५,०६१ आणि लिमिट २५,०६० ठेवलं तर भाव झटक्यात खाली निघून जातो, ऑर्डर तशीच लटकते आणि तुम्ही सौद्यात अडकून पडता. लिमिट पंधरा-वीस पॉइंट खाली, २५,०४५ च्या आसपास ठेवा.

जानेवारी २०२३ चा एक दिवस मला विसरता येत नाही. वावरात तुरीचं थ्रेशर आलं होतं. सकाळचा सौदा चांगला चालला होता, मजूर खोळंबले होते, म्हणून मी हातानेच स्क्वेअर ऑफ केलं, म्हणजे घेतलेला लॉट विकून सौदा मिटवला, आणि धुऱ्यावरून खाली उतरलो. स्टॉपलॉसची ऑर्डर रद्द करायची राहिली. एक वाजता निफ्टी खाली आला, ती ऑर्डर लागली, आणि माझ्याकडे काहीच माल नसताना एक लॉट विकला गेला. म्हणजे मी न ठरवता शॉर्ट झालो, तेही स्टॉपलॉसशिवाय. मग बाजार वर निघाला. तीनच्या सुमारास हात धुऊन फोन बघितला तेव्हा ५८ पॉइंट गेलेले होते. लॉट तेव्हा ५० चा होता, २,९०० रुपये. तेव्हापासून सौदा संपला की मी दोन पडदे बघतो : पोझिशनचा, आणि ऑर्डर बुकमधल्या पेंडिंगचा. दोन्ही रिकामे दिसल्याशिवाय फोन खिशात जात नाही. ज्या दिवशी फवारणी, वेचणी किंवा मळणी आहे त्या दिवशी सौदाच नाही.

ऑर्डर इंट्राडे प्रकारात टाकली असेल तर बाजार बंद होण्याआधी ब्रोकर स्वतःच सौदा कापतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. तिथपर्यंत जाऊ देऊ नका. रिझर्व्ह बँकेचं धोरण जाहीर होतं तो दिवस, बजेट, निवडणुकीचा निकाल : हे तीन दिवस सुट्टीचे धरा. दिवसाला जास्तीत जास्त दोन सौदे. पहिले दोन्ही तोट्यात गेले तर ॲप बंद.

पहिले दोन महिने : वही

खरा पैसा लावण्याआधी निदान ४० सौदे वहीत करा. तारीख, वेळ, पट्टी, व्हीवॅप, घेतलेला भाव, स्टॉपलॉस, बाहेर पडलेला भाव, आणि बाहेर पडण्याचं कारण. प्रत्येकातून १५ पॉइंट खर्च वजा करा. हे का, ते बघा. समजा २० सौद्यांत ८ जिंकले, प्रत्येकी ६० पॉइंट : ४८०. बारा हरले, प्रत्येकी ३५ : ४२०. वहीत ६० पॉइंट फायदा दिसतो आणि माणूस खूश होतो. खर्च मात्र ३०० झालेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात २४० पॉइंट तोटा, १५,६०० रुपये. अशी वही निघाली तर पद्धत बदला, सौदे कमी करा, उरलेले नीट निवडा. आणि ४० नंतरही आकडा उणेच राहिला तर फ्युचर करू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण वहीत जमलं नाही ते पैसे लावल्यावर जमेल असं म्हणून उतरलेली पोरं मी बघितली आहेत, आणि त्यांच्या घरचेही बघितले आहेत.

कोणी क्लास घेऊन लाइव्ह भावावर शिकवत असेल आणि सोबत कॉल देत असेल तर त्याची सेबीची नोंदणी विचारा. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार नुसतं शिक्षण देणाऱ्याला लाइव्ह भाव वापरता येत नाहीत, जुनेच भाव वापरावे लागतात. महिन्याला ठराविक टक्के देतो म्हणणारा तर दारातूनच परत पाठवा. ब्रोकरशी काही वाद झाला तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते.

शेवटचं काम कराचं. फ्युचरमधला नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात धरतात, त्यासाठी आयकर विवरणाचा आयटीआर-३ हा फॉर्म भरावा लागतो. तोटा झाला तरी वेळेत भरा, कारण तो आठ वर्षांपर्यंत पुढे ओढून पुढच्या व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना ते मोजलं जातं. आणि गेल्या करनिर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला त्यांना पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये मिळत नाहीत. म्हणून फ्युचरचा पहिला नफा दिसला की जुलै उजाडण्याची वाट न बघता सीएकडे एक चक्कर मारा, आणि जाताना कॉन्ट्रॅक्ट नोटा, बँक स्टेटमेंट आणि ती वही सोबत न्या.